सीडीरेकॉर्ड आणि वोडिम: डेबियनचा फोर्क बरोबर होता, पण जुनी पाटी लावून ठेवणं चूक होतं

कळफलक

लिनक्सवर टर्मिनलमधून ज्यांनी सीडी मारल्या आहेत त्यांना ते उलटे आकडे नक्की आठवत असतील. सीडीरेकॉर्ड टाइप करायचं, पुढे ड्राइव्हचा पत्ता ०,०,० असा, वेग ४, आयएसओ फाइलचं (सीडीवर जायचं ते सगळं एका फाइलीत) नाव, आणि एंटर. पडद्यावर 'थांबायची ही शेवटची संधी' अशा अर्थाची ओळ यायची आणि नऊ सेकंद मोजले जायचे. तेवढ्यात चूक लक्षात आली तर कंट्रोल-सी, नाहीतर तबकडी गेली. लिहिणं सुरू झालं की मी माउसलाही हात लावायचो नाही. मशीन जुनं होतं, बफर रिकामा पडला की सीडी चहाच्या कपाखाली.

ही आज्ञा बर्लिनच्या योर्ग शिलिंग यांची. १९९६ पासून ते ती लिहीत आणि सुधारत होते. सोबत आयएसओ तयार करणारं एमकेआयएसओएफएस (मूळ एरिक यंगडेल यांचं) आणि ऑडिओ सीडी वाचणारं सीडीडीए-टू-वेव्ह. हा सगळा संच म्हणजे सीडीआरटूल्स, आणि तो जीपीएलखाली होता, म्हणजे कोड कुणीही वापरावा, बदलावा, पण पुढे वाटताना तोच परवाना ठेवावा.

मे २००६ मध्ये शिलिंग यांनी २.०१.०१ए०९ या आवृत्तीपासून बहुतेक भागाचा परवाना बदलून सीडीडीएल केला. हा सन मायक्रोसिस्टम्सचा खुला परवाना, त्यांची ओपनसोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टीम ज्याखाली आली तो. एमकेआयएसओएफएस मात्र जीपीएलखालीच राहिलं, कारण त्यात इतरांचा कोड होता. डेबियन या लिनक्स वितरणाच्या लोकांचं म्हणणं पडलं की जीपीएलचा प्रोग्रॅम सीडीडीएलच्या लायब्ररींशी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या कोडच्या संचांशी) जोडून बायनरी, म्हणजे थेट चालणारा तयार प्रोग्रॅम, वाटता येत नाही. सप्टेंबर २००६ मध्ये त्यांनी आधीच्या ए०८ आवृत्तीवरून फोर्क, म्हणजे त्याच कोडची वेगळी शाखा, काढला. संचाचं नाव सीडीआरकिट. सीडीरेकॉर्डचं झालं वोडिम, एमकेआयएसओएफएसचं जेनआयएसओइमेज, सीडीडीए-टू-वेव्हचं आइसडॅक्स.

माझं मत सरळ सांगतो. परवान्याच्या मुद्द्यावर डेबियन बरोबर होतं. पण नाव बदलल्यावर त्यांनी जुन्या नावाचा दुवा तसाच ठेवला. तुम्ही सीडीरेकॉर्ड टाइप करायचात आणि चालायचं वोडिम. दुकान बदललं, मालक बदलला, पाटी तीच. वोडिम अडलं की माणूस म्हणायचा 'सीडीरेकॉर्ड बिघडलं', आणि दोष जायचा शिलिंग यांच्या खात्यावर. शिवाय सीडीआरकिटची शेवटची आवृत्ती, १.१.११, आली २०१० मध्ये. त्याच वर्षी शिलिंग यांनी सीडीआरटूल्स ३.०० काढलं आणि पुढेही वर्षानुवर्षं काम चालू ठेवलं. म्हणजे ज्याच्याकडून काम घेतलं तो राबत राहिला आणि ज्यांनी घेतलं त्यांनी हात झटकले. मला हे खटकतं, आणि शिलिंग ऑक्टोबर २०२१ मध्ये वारल्यापासून जास्तच खटकतं.

सह्यकडा

कळफलक, परवान्याचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात आटोपलात, पण सगळं भांडण तिथेच आहे.

एमकेआयएसओएफएसमध्ये यंगडेल यांचा कोड आहे आणि नंतर त्यात भर घालणाऱ्या कितीतरी लोकांचाही. त्यांनी तो जीपीएलच्या शब्दावर दिला. जीपीएलची दुसरी आवृत्ती कलम ३ मध्ये म्हणते की बायनरी वाटायची तर संपूर्ण सोर्स (लिहिलेला मूळ कोड) त्याच परवान्याखाली द्या, आणि 'संपूर्ण' मध्ये सगळी मोड्यूल्स येतात, बिल्ड करायच्या स्क्रिप्टसुद्धा येतात. शिलिंग यांनी बिल्डची व्यवस्थाही सीडीडीएलखाली नेली होती. मग डेबियनने काय करायचं होतं? आवडता प्रोग्रॅम आहे म्हणून डोळेझाक? उद्या एखादी कंपनी जीपीएल मोडेल तेव्हा कुठल्या तोंडाने बोलणार?

आणि सुरुवात २००६ ला झाली नाही. त्याआधीच सीडीरेकॉर्डच्या सोर्समध्ये 'या ओळी बदलू नका, हा इशारा काढू नका' अशा टिपा आल्या होत्या. जीपीएलचं कलम ६ सांगतं की पुढच्या माणसावर जादा अटी लादता येणार नाहीत. डीव्हीडी लिहिणाऱ्या प्रोडीव्हीडी आवृत्तीचा सोर्स तर बंदच होता. खासगी वापराला चावी फुकट मिळायची, पण ती मुदतीची. वितरणांनी स्वतःचे डीव्हीडी पॅच लावले तर तेही शिलिंग यांना रुचत नव्हतं. खुल्या परवान्याखाली कोड द्यायचा आणि कुणी बदलला की रागवायचं, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

पाटीबद्दल म्हणाल, तर मेल पाठवणारा जुना प्रोग्रॅम सेंडमेल बघा. त्याच्या जागी बसवले जाणारे पोस्टफिक्स असो की एक्झिम, दोघेही सेंडमेल नावाची फाइल ठेवतात, कारण शेकडो प्रोग्रॅम त्या नावाने हाक मारतात. के-थ्री-बीसारखे सीडी लिहायचे प्रोग्रॅम आणि लोकांच्या घरच्या स्क्रिप्ट सीडीरेकॉर्डलाच हाक मारत होत्या. दुवा काढला असता तर एका रात्रीत सगळं मोडलं असतं, आणि तेव्हा तुम्हीच डेबियनला बोल लावला असता.

एल्बेकाठी

मी बारा वर्षं जर्मनीत आहे, म्हणून इथली बाजू मांडतो.

जर्मन कायद्यात लेखकाचा हक्क हा मालमत्तेसारखा विकून मोकळं होण्याचा विषय नाही. वापराचे हक्क देता येतात, पण मूळ लेखनहक्क लेखकाजवळच राहतो. त्या कायद्याचं कलम १४ लेखकाला आपल्या कृतीच्या विकृतीविरुद्ध उभं राहू देतं. शिलिंग त्या वातावरणात वाढलेले. ते 'माझ्या नावाने मोडकं काही वाटू नका' म्हणत होते तेव्हा अमेरिकी वाचकाला तो हट्ट वाटला, पण इथे ती साधी अपेक्षा आहे. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहेच: कृती आपली म्हणून सांगण्याचा हक्क, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क, अगदी कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी.

दुसरं, सह्यकडा, तुम्ही कलम ३ सांगितलंत, पण 'जीपीएलचा कोड लायब्ररीशी जोडला की लायब्ररीही जीपीएल' असं ते कलम शब्दशः म्हणत नाही. ड्राइव्हला थेट सूचना (एससीएसआय आज्ञा) पाठवणारी शिलिंग यांची लिबएससीजी ही एमकेआयएसओएफएससाठी लिहिलेली नव्हती. ती स्वतंत्र लायब्ररी आहे आणि इतर प्रोग्रॅमही ती वापरतात. स्वतंत्र कृती शेजारी ठेवली म्हणून ती दुसऱ्या कृतीतून निघालेली ठरत नाही, हे शिलिंग अखेरपर्यंत सांगत होते. या विशिष्ट वादावर कुठल्या न्यायालयाने निवाडा दिलेला नाही. मग 'डेबियन बरोबर होतं' हे इतक्या ठामपणे कशावरून?

सह्यकडा

एल्बेकाठी, निवाडा नाही हे मान्य. पण संशय असेल तेव्हा जोखीम वाटणाऱ्याच्या डोक्यावर असते. शिलिंग सोर्स देत होते. बायनरी देत होतं डेबियन, आणि डेबियनवरून पुढे आणखी शेकडो लोक. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सीडीडीएल हा मुक्त परवाना आहे पण जीपीएलशी जुळत नाही, असं स्पष्ट म्हटलं होतं. स्वयंसेवकांच्या संस्थेने त्याविरुद्ध जाऊन वकिलाचा खर्च ओढवून घ्यायचा, तोही ज्यांनी परवाना बदलला त्यांच्या शब्दावर?

फोटोवाला

तुमच्या कलमांत मला गती नाही. मी लग्नाचे व्हिडिओ करायचो, एवढंच सांगतो.

मिनी-डीव्हीच्या एका तासाच्या कॅसेटचे संगणकावर साधारण १३ जीबी होतात. ते कमी करून सहा जीबीची एकच फाइल केली आणि माझ्या संग्रहासाठी ड्युअल लेयर डीव्हीडीवर घालायला बसलो. मी टाइप केलं एमकेआयएसओएफएस. उत्तर आलं की फाइल चार जीबीपेक्षा मोठी आहे, असा आकार मांडताच येत नाही, थांबतो. रात्रीचे दीड वाजलेले. मी नेटवर एमकेआयएसओएफएसची माहिती वाचतोय, तिथे लिहिलंय की आयएसओ लेव्हल ३ द्या, फाइलचे तुकडे करून बसवतो. देतोय, तरी तेच उत्तर. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री आवृत्ती विचारली तेव्हा पडद्यावर नाव आलं जेनआयएसओइमेज.

मी माहिती वाचत होतो एका प्रोग्रॅमची आणि चालवत होतो दुसराच. खरं सीडीआरटूल्स सोर्सवरून बसवलं, तीच आज्ञा दिली, काम झालं. म्हणून कळफलक यांचं पाटीचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. सेंडमेलचं उदाहरण देणाऱ्यांनी त्या दोन रात्री माझ्या खुर्चीत बसून बघायला हवं होतं.

सह्यकडा

फोटोवाले, तुमचा त्रास खरा आहे, तो नाकारत नाही. मोठ्या फाइलसाठी जेनआयएसओइमेजमध्ये वेगळा पर्याय होता, त्यात ती फाइल यूडीएफ या तबकडीवरच्या दुसऱ्या मांडणीतून दिसायची. पण तो तुम्हाला रात्री दीड वाजता कोण सांगणार, हेही खरंच. पहिल्या दोन वर्षांनंतर तो दुवा काढून टाकायला हवा होता, एवढं मी मान्य करतो. पहिल्या दिवशी तो हवाच होता.

रिकामी तबकडी

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. डेबियनच्या स्वतःच्या नियमावलीचं चौथं कलम म्हणतं की बदललेल्या प्रोग्रॅमला वेगळं नाव द्या अशी अट परवाना घालू शकतो. म्हणजे शिलिंग यांना नावाचीच काळजी होती तर रस्ता उघडा होता: जीपीएल सोडा किंवा ठेवा, पण नावाची अट स्वच्छ लिहा. मोझिलाने त्याच २००६ साली ट्रेडमार्कच्या आधारे नेमकं हेच केलं. डेबियनने फायरफॉक्सचं आइसवीझल केलं आणि दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, ते पुन्हा फायरफॉक्स झालं. भांडण झालं, पण परतीची वाट राहिली. सीडीरेकॉर्डच्या बाबतीत ती राहिली नाही, कारण इथे नाव, परवाना, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि स्वभाव असे चार वाद एकमेकांत अडकले होते.

कर्नलचा वाद विसरू नका. ऑगस्ट २००४ मध्ये लिनक्स कर्नल २.६.८ आलं आणि साध्या वापरकर्त्याच्या एससीएसआय आज्ञा कर्नल गाळायला लागलं. लोकांचं सीडी मारणं बंद पडलं. शिलिंग म्हणायचे ड्राइव्हचा पत्ता बस, टार्गेट, लन असा तीन आकड्यांतच द्या. लिनक्सवाले म्हणायचे सरळ डिव्हाइस फाइलचं नाव द्या. इतक्या वर्षांच्या अशा खटक्यांनंतर मे २००६ आला. तोवर विश्वास संपला होता, परवाना हे निमित्त ठरलं.

माझ्या मते खरं उत्तर कुणी दिलं असेल तर ते लिबबर्निया प्रकल्पाने. थॉमस श्मिट आणि सोबत्यांनी भांडणात न पडता वेगळ्या कोडवर, जीपीएलखाली काम उभं केलं. एक्सॉरिसो हा आयएसओ बनवणारा प्रोग्रॅम त्यातलाच. आज डेबियन स्वतःच्या इन्स्टॉलरच्या प्रतिमाही एक्सॉरिसोने बनवतं.

एल्बेकाठी

रिकामी तबकडी, 'स्वभाव' हा शब्द आला की माझं मन दुखतं. शिलिंग तुसडे होते, वादात हट्टी होते, हे त्यांच्याशी वाद घातलेल्या प्रत्येकाने सांगितलंय. पण कोणत्या ड्राइव्हचं कोणतं फर्मवेअर कोणत्या आज्ञेला काय उत्तर देतं, हे त्यांनी वीस वर्षं एकेक करून शोधलं. ती माहिती लिबएससीजी आणि सीडीरेकॉर्डच्या ओळींत आहे. वोडिममध्येही त्यांचंच ज्ञान चालत होतं.

आणि मुक्त परवान्यांची ही भिंत आता कुठे गेली? उबंटू १६.०४ मध्ये, एप्रिल २०१६ ला, झेडएफएस ही फाइलसिस्टीम कर्नल मोड्यूल म्हणून आली. तेही सीडीडीएल, आणि कर्नल जीपीएल. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने त्याआधीच हे उल्लंघन आहे असं जाहीर केलं, तरी उबंटूच्या कंपनीने, कॅनॉनिकलने, वाटलंच. मोठ्या कंपनीला फाइलसिस्टीम हवी असेल तर वाट निघते. एकट्या माणसाच्या सीडी रायटरसाठी निघाली नाही.

कळफलक

चर्चा मला वाटलं त्यापेक्षा खोल गेली. दोन गोष्टी दुरुस्त करतो.

सह्यकडा, सेंडमेलबद्दल विचार केला. तिथे नाव ही सवय झाली होती आणि कुणी लेखक 'माझं नाव वापरू नका' म्हणत नव्हता. इथे लेखक जिवंत होता, रोज काम करत होता आणि उघड हरकत घेत होता. हा फरक मला मोठा वाटतो. पण पहिल्या दिवशी दुवा लागणार होता हे तुमचं म्हणणं मानतो. मी ते आधी मानलं नव्हतं.

एल्बेकाठी, झेडएफएसच्या बाबतीत डेबियनने उबंटूचा रस्ता घेतला नाही. ते सोर्स देतं आणि मोड्यूल वापरकर्त्याच्या मशीनवर तयार होतं. म्हणजे २००६ मध्ये जे म्हटलं त्याला ते चिकटून राहिलं. अन्याय वाटला तरी हा दुटप्पीपणा म्हणता येणार नाही.

मात्र हात झटकल्याचा मुद्दा मी सोडत नाही. फोर्क काढताना जाहीर सांगितलं होतं की आम्ही हे पुढे नेऊ. २०१० नंतर एकही आवृत्ती नाही, तरी पॅकेज वर्षानुवर्षं तसंच वाटलं गेलं. फोटोवाल्यांच्या सहा जीबीच्या फाइलचं काम मूळ लेखकाच्या आवृत्तीत झालेलं होतं आणि इथे ती अडत होती. सांभाळणं जमत नसेल तर पॅकेजच्या माहितीत पहिल्या ओळीत तसं लिहायला काय हरकत होती?

सह्यकडा

लिहायला हवं होतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

फोटोवाला

त्या लग्नाची डीव्हीडी काल काढून बघितली, अजून वाचते. खाली मार्करने लिहिलंय 'सीडीआरटूल्स, खरं'. तेव्हा रागात लिहिलं असणार.