'उठत नाही' आणि 'उठवता येत नाही'

आडवा_एक्का:
आमच्या सोसायटीत शनिवारी मुलं मॅजिक खेळतात. मॅजिक द गॅदरिंग, १९९३ पासूनचा अमेरिकी खेळ, प्रत्येक पत्त्यावर त्याचा त्याचा वेगळा नियम छापलेला. पत्ते इंग्रजीत आणि निम्मी मुलं मराठी शाळेतली, म्हणून मी मराठी चिठ्ठ्या लिहून पत्त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात सरकवतो. ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी इतकंच: पत्ता वापरला की आडवा करायचा, पुढची पाळी आली की सुरुवातीलाच आपले आडवे पत्ते उभे करायचे.

तर 'क्लॉस्ट्रोफोबिया' म्हणून एक पत्ता आहे. समोरच्याच्या प्राण्याला लावला की तो प्राणी आडवा होतो, आणि पाळीच्या सुरुवातीला बाकीचे उठतात तेव्हा हा उठत नाही. चिठ्ठीवर जागा ती किती! मी लिहिलं, 'आडवा होतो. पाळी आली तरी उठत नाही.' सहावीतल्या एकाने 'ट्विडल' टाकलं. त्याने कुठलाही एक प्राणी आडवा किंवा उभा करता येतो. समोरची मुलगी म्हणाली, अजिबात नाही. 'उठत नाही' असं लिहिलंय, आणि एक पत्ता 'करा' म्हणाला, दुसरा 'नाही' म्हणाला तर 'नाही'वाला जिंकतो, काका तुम्हीच शिकवलंत.

शिकवलं होतं खरं. नियम १०१.२ तोच आहे. पण तो इंग्रजी 'कान्ट'ला लागू, 'डझन्ट'ला नाही. मूळ पत्त्यावर 'डझन्ट अनटॅप' आहे, म्हणजे त्या ठरावीक वेळी उठत नाही, मध्येच कुणी उठवलं तर खुशाल उठेल. ट्विडल चालायला हवं. चिठ्ठीपुरती मात्र ती मुलगी बरोबर होती. हे दोन 'नाही' मराठीत वेगळे कसे दाखवायचे, तेही दोन ओळींत?

मिरजकर:
'आपोआप उठत नाही.' झालं काम.

तळटीप:
एवढं सोपं नाही ते. मराठीत साधं 'नाही' बऱ्याचदा अशक्यताच सांगतं. 'दार उघडत नाही', 'पेन उठत नाही', 'गाडी सुरू होत नाही'. यात दार आपण होऊन उघडत नाही असं कुणी म्हणत नसतं, प्रयत्न करून झालेले असतात. म्हणून त्या मुलीने वाचलं ते मराठी म्हणून अगदी चोख वाचलं.

मिरजकर:
गाडी सुरू होत नाही म्हटलं की पुढचं वाक्य काय असतं? 'ढकलून बघ.' ट्विडल म्हणजे तेच की.

किलवर_राणी:
मला आधी हे सांगा, 'पत्ता टाकला' कोण म्हणतं? पत्ते पिसतात, पत्ते वाटतात, पण टाकतात ते पान. 'पान लागलं', 'पान उतरलं', 'हातात पानं चांगली आहेत'. पत्ता पोस्टमनला लागतो.

आडवा_एक्का:
राणीताई, मुलं 'कार्ड' म्हणतात. 'पत्ता' ही माझी तडजोड आहे.

किलवर_राणी:
मग कार्डच म्हणा. निदान ते खरं आहे. आमच्या घरी मेंढीकोट, बदाम सात, तीनशे चार सगळं खेळलं गेलं, एकदाही कुणी 'पत्ता टाक' म्हणालं नाही.

वऱ्हाडी_झब्बू:
आमच्याइकडे म्हणतात ना. 'टाक ना बे पत्ता.' अख्ख्या महाराष्ट्राच्या वतीने बोलू नका.

सूत्रधार:
मूळ प्रश्नाकडे येतो. 'नये' वापरा. 'उठू नये' असं नव्हे, ते फार उपदेशाचं होईल. पण शब्दाचा इतिहास पाहा. 'नये' म्हणजे 'न ये', येत नाही. आज 'करू नये' ही मनाई आहे, जुन्या मराठीत ती अशक्यता होती. तुकोबांचं 'नये जरी तुज मधुर उत्तर' आठवा. गोड बोलू नकोस असं नाही, गोड बोलता येत नसेल तर, असं. म्हणजे 'कान्ट' आणि 'डोन्ट' यांचा घोळ मराठीने मॅजिकच्या कितीतरी आधी घालून ठेवला आहे.

आता मूळ वाद, दोन नियम भांडले तर कोण जिंकणार. आपल्याकडे यावर शेकडो वर्षं खल झालेला आहे. 'ब्राह्मणांना दही द्या, कौंडिण्याला ताक द्या.' कौंडिण्यही ब्राह्मणच, पण त्याला ताकच मिळतं. विशेष नियम सामान्याला बाधतो, हा तक्रकौंडिण्य न्याय. पत्ता विरुद्ध नियमपुस्तक असा सामना आला की पत्ता जिंकतो, तो हाच ना?

आडवा_एक्का:
हाच. नियम १०१.१.

सूत्रधार:
आणि बळ सारखं असेल तर पाणिनी १.४.२, 'विप्रतिषेधे परं कार्यम्'. नंतरचा नियम जिंकतो.

प्लॅटिनम_एडिसन:
न्यू जर्सीहून, कॉलेजपासून खेळतोय. पाणिनी इथे बसतो, पण अर्धाच. एका कार्डाने प्राण्याला उडण्याची शक्ती दिली आणि दुसऱ्याने काढली, तर तिथे 'नाही' जिंकत नाही, नंतर आलेलं जिंकतं. देणं-काढणं हे १०१.२ मधून मुद्दाम वगळलंय. पण कार्डावर 'हिला उडण्याची शक्ती असूच शकत नाही' असं असेल तर मात्र नंतर कितीही द्या, उपयोग नाही. म्हणजे 'काढून घेतलं' आणि 'असू शकत नाही' हेही मराठीत वेगळं दिसायला हवं. आणि या सगळ्यावर सात थर आहेत, आधी कुठला परिणाम मोजायचा त्याचे. ते मुलांना सध्या सांगू नका.

तळटीप:
सूत्रधार, 'पर' म्हणजे नंतरचा हे आता इतकं सरळ राहिलेलं नाही. केंब्रिजमध्ये ऋषी राजपोपट यांनी मांडलंय की तिथे 'पर' म्हणजे अष्टाध्यायीतला पुढचा नियम नव्हे, शब्दाच्या उजव्या बाजूला लागणारा नियम. २०२२ मध्ये बातम्या आल्या होत्या.

सूत्रधार:
बातम्या आल्या होत्या. त्यावर वैयाकरणांची उत्तरंही आली होती. स्वतंत्र धागा काढा.

पण एका जागी आपली परंपरा आणि हा खेळ यांची फारकत होते, ती गमतीची आहे. अतिरात्र हा एक सोमयाग, षोडशी हा त्यातला सोमरसाचा एक पेला. 'अतिरात्रात षोडशी घ्यावा' आणि 'अतिरात्रात षोडशी घेऊ नये', दोन्ही वचनं श्रुतीतलीच. वेदवचनांचा अर्थ लावणारे मीमांसक 'नाही' जिंकलं असं म्हणत नाहीत. ते म्हणतात विकल्प. घ्या किंवा घेऊ नका. दोन्ही वचनांचं प्रामाण्य सारखं, मग एकाला खोटं कसं पाडायचं?

मिरजकर:
यज्ञात समोर दुसरा खेळाडू नसतो. इथे विकल्प दिला तर मारामारी होईल.

प्लॅटिनम_एडिसन:
'प्लॅटिनम एंजल'ची चिठ्ठी काय केलीत? 'तुम्ही हरू शकत नाही, समोरचा जिंकू शकत नाही.' क्लासच्या फ्लेक्सवरचं वाक्य वाटतं. शून्य गुण झाले तरी खेळत राहायचं, आणि ती परी गेली की त्या क्षणी हरायचं. त्यात आणखी मेख म्हणजे परी असतानाही हार मानता येते. कार्ड नियमपुस्तकाला हरवतं याला अपवाद एकच ठेवलाय, तो हार मानण्याचा. कुठलंही कार्ड तुम्हाला टेबलावर डांबून ठेवू शकत नाही.

आडवा_एक्का:
तिथे मी 'हार लागत नाही' लिहिलं. सुतक लागत नाही तसं. मुलांना लगेच कळलं. 'शकत नाही' मला सगळीकडेच खटकतं, इंग्रजी वळणाचं वाटतं. 'तुम्ही येथे गाडी लावू शकत नाही' अशा पाट्या दिसतात हल्ली. का, गाडीला चाकं नाहीत?

पेडण्याची_पोर:
कोकणीतला 'नज' घ्या. 'हांगा बसूंक नज' म्हटलं की विषय संपला.

मिरजकर:
मिरजेच्या पोराला 'नज' म्हणजे काय हे सांगायला आणखी एक चिठ्ठी.

वऱ्हाडी_झब्बू:
टॅप, अनटॅप, कान्ट, डझन्ट, सगळं तसंच राहू द्या. पोरं क्रिकेटमध्ये 'नॉट आउट'चं भाषांतर मागत नाहीत. आमच्या आज्या 'नॉट ॲट होम' खेळायच्या, एबीसीडी येत नव्हती, डाव मात्र कडक.

किलवर_राणी:
'लॅडिस'सुद्धा. पण हुकूम, उतारी, कापणे हे शब्द आहेत ना आपले? 'हुकूम' तर थेट या प्रश्नाचं उत्तर आहे. लहानातल्या लहान हुकमाने दुसऱ्या रंगाचा एक्का मरतो. 'कान्ट' असलेल्या कार्डाच्या चिठ्ठीवर हुकमाची खूण करा, 'डझन्ट'वर करू नका. भाषेचा प्रश्नच मिटला.

तळटीप:
हुकूम अरबीतून आलाय, 'आपला' कसा?

किलवर_राणी:
आला तेव्हा परका होता. आता घरचा आहे. तुमचं 'तळटीप'मधलं 'टीप' कुठून आलं ते आधी सांगा.

आडवा_एक्का:
खूण मला पटली, या शनिवारी करून बघतो. पण शब्द हवाच आहे, कारण मुलं चिठ्ठी मोठ्याने वाचतात. खूण वाचता येत नाही. (येत नाही, की वाचू नये?)

तात्पुरता_सभासद:
वाचतच होते, पहिल्यांदा लिहितेय. मराठीत परवानगीचं खरं क्रियापद 'चालणे' आहे. उपासाला साबुदाणा चालतो, हळद चालत नाही. 'कान्ट'साठी 'चालत नाही', 'डझन्ट'साठी नुसतं 'नाही'. 'क्लॉस्ट्रोफोबिया: पाळीला उठत नाही.' आणि जिथे सक्त मनाई असेल तिथे 'उठवलेलं चालत नाही.' मुलांच्या तोंडी हे रोज असतं.

सूत्रधार:
उत्तम. फक्त हळद चालत नाही याला आधार काय?

तात्पुरता_सभासद:
आईचा.

किलवर_राणी:
आमच्याकडे कोथिंबीर चालते, सासरी चालत नाही. दोघीही एकादशी करतात.

मिरजकर:
कोथिंबीर चालते आणि धने चालत नाहीत, असंही घर पाहिलंय. झाड तेच.

वऱ्हाडी_झब्बू:
भेंडी?

पेडण्याची_पोर:
भेंडी कशी चालेल!

किलवर_राणी:
चालते. शेंगदाण्याचं कूट घालून.

सूत्रधार:
जिरे चालतात, मोहरी चालत नाही, हे मात्र सगळीकडे सारखं दिसतं. कुणाकडे मोहरी चालते का?