मफलरची किनार: सोबत विणावी की मागाहून क्रोशाने घालावी?

लोकरगुंडा
सध्या एकाच गुंड्यातून हातभर तुकडे विणून प्रत्येकाला वेगळी किनार घालून बघतेय. मत पक्कं झालंय, भांडायला या. किनार मफलरसोबतच विणावी. पैठणीचा काठ मागावरच विणला जातो, वेगळा आणून जोडलेला लगेच कळतो. इथेही तेच.
एक ओळ सुलट, एक उलट अशी साधी वीण गुंडाळणारच. बाजूच्या कडा मागे वळतात, वरची आणि खालची पुढे. हात घट्ट असो वा सैल, त्याचा संबंध नाही. वाकवलेला धागा सरळ व्हायला बघतो आणि सगळे टाके एकाच बाजूला तोंड करून बसलेले, मग ओढ एकतर्फी होते. दोन्ही कडांना पाच-पाच टाके साबुदाणा विणीचे (एक सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत अदलाबदल) ठेवले की सुलट-उलट समसमान होऊन कड बरीच सपाट बसते. तीनच ठेवलेत तर अख्खी किनारच मागे वळते, हे मात्र बघून ठेवा.

कोथरूडची_मावशी
अगं, पैठणीलाही नेसण्याआधी आपण फॉल लावतोच की!
साबुदाणा ठीक आहे, पण निम्म्या जणी किनारीला सगळ्या ओळी सुलट विणतात. त्या ओळी उंचीला कमी भरतात. मफलर मीटरभर झाला की किनार आखूड पडते आणि मधला भाग फुगतो. उपाय आहे. दर आठ-दहा ओळींनी फक्त किनारीच्या टाक्यांवर दोन जादा ओळी विणून परत फिरायचं, दोन्ही बाजूंना. मालिका बघत विणणारीने हे लक्षात ठेवायचं कसं? त्यापेक्षा मफलर संपवा, क्रोशाची सुई घ्या, चार ओळींना तीन मुके खांब (क्रोशाचे बुटके टाके) या हिशेबाने पहिली फेरी मारा. चाराला चार घातलेत तर लाटा येतात.

लोकरगुंडा
मावशी, मुक्या खांबांच्या एका फेरीने गुंडाळणं थांबत नाही हो. गुंडाळी जाड होते फक्त.

कोथरूडची_मावशी
एका फेरीने कोण सोडतंय? तीन तरी हव्यात, मग त्यावर शिंपल्यांच्या आकाराची नक्षी.

नाशिककर
तुम्ही दोघी एक गोष्ट विसरताय. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक. खरी लोकर ओली करून, टाचण्या लावून वाळवली की पुढच्या धुण्यापर्यंत तरी बऱ्यापैकी सपाट राहते. ॲक्रिलिक वाळलं की पुन्हा गुंडाळायला मोकळं. वाफ दिली तर बसतं, पण इस्त्री टेकली की लुळं पडतं ते कायमचं.
मुळात गुंडाळणारी वीण घ्यायचीच कशाला? दोन सुलट, दोन उलट विणा. किनारीची भानगडच नाही, गळ्याभोवती चापून बसतं. मफलर आहे, रुखवतात मांडायचाय का?

कोथरूडची_मावशी
मांडला तर काय बिघडलं? तुमचा तो दोन-दोनचा मफलर शाळेच्या स्वेटरची बाही वाटतो. माझ्या नाती हात लावणार नाहीत.

थंडीखोर
मी कॅनडात, कॅल्गरीला. इथे मफलर नाकापर्यंत ओढावा लागतो, तेव्हा शिंपले तोंडात येतात. माझं मत नाडीच्या किनारीला. प्रत्येक ओळीचे शेवटचे तीन टाके राहिले की धागा पुढे घ्यायचा, ते तीन न विणता उलट टाक्यासारखे उजव्या सुईवर सरकवायचे. पलटल्यावर तेच तीन आधी सुलट विणायचे आणि धागा जरा ओढून घ्यायचा. कडेला गोल नाडी तयार होते. अशा नाडीचे नाना उपयोग अमेरिकेतल्या विणकाम-शिक्षिका एलिझाबेथ झिमरमन यांनी तिकडच्या विणणाऱ्यांना शिकवले. सुया त्याच, वेगळं काही लागत नाही.

लोकरगुंडा
नाडी सुरेख दिसते, मान्य. पण साध्या विणीला नुसती नाडी लावली तर नाडीसकट गुंडाळतं. नाडीच्या लगत साबुदाणा किंवा सगळ्या ओळी सुलट हव्यातच. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलण्याचंही तसंच. सगळ्या सुलट ओळींवर साखळी छान बसते, कारण दोन ओळींना एक कडी, एक धार. साध्या विणीवर तीच कडी ढिली लोंबते.

कोथरूडची_मावशी
तुमचं सगळं खरं धरलं तरी एक सांगा. मफलर पुरा झाल्यावर किनार आवडली नाही तर काय करता? अख्खा उसवता. मी क्रोशाची किनार तेवढी उसवते आणि दुसऱ्या रंगात घालते. प्रयोगच करायचे तर ते कुठे सोपे?

लोकरगुंडा
हा मुद्दा बिनतोड. तुकड्यांपुरती किनार तुमच्या पद्धतीने घालून बघते, भेट द्यायचा मफलर माझ्याच पद्धतीने. कोपऱ्यात मुके खांब किती घालता?

कोथरूडची_मावशी
एकाच घरात तीन. दोन घातलेस तर कोपरा आत ओढतो.

नाशिककर
दोन सुलट, दोन उलट. कोपऱ्याला काही नाही.