मदत हवी आहे: 225 फुटांच्या घरात लेकीच्या अभ्यासाला जागा कुठून काढू?

नमस्कार मंडळी. आधी घर कसं आहे ते सांगते, म्हणजे 'मोठं घर घ्या' हा सल्ला तरी टळेल.

भांडुपला एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. जुन्या नियमातलं, 225 चौरस फुटांचं घर. (नंतरच्यांना 269 मिळाले, आता तर 300 मिळतात. आमचा नंबर लवकर लागला म्हणून पेढे वाटले होते!) बाहेरची खोली 10 बाय 12, स्वयंपाकघर 8 बाय 7, बाकी संडास-बाथरूम आणि बोळ. छत नऊ फुटांवर. माणसं चार: आम्ही दोघं, सासूबाई आणि यंदा दहावीला गेलेली लेक.

लेकीला टेबल हवंय. रात्री गाद्या घालताना आवरावं लागणार नाही असं. तीन फूट बाय दोन फूट, बास.

ती जागा कोणी अडवलीय ते बघा. एका भिंतीला दिवाण, दुसऱ्या भिंतीला लोखंडी कपाट, खिडकीशी माझं पायाचं शिलाई मशीन. ब्लाउज आणि फॉल-बिडिंगची कामं घेते, त्यामुळे मशीन हलणार नाही. दिवसा तीन गाद्यांची चळत दिवाणावर असते, आलेला पाहुणा तिलाच टेकून बसतो. दिवाणाखाली सासूबाईंची पितळेची भांडी: घंगाळ, दोन हंडे, कळशी, परात. ती मोडीत काढायचा विषय आमच्या घरात निघत नाही, कृपया इथेही काढू नका. कपाटावर गणपतीचं मखर. दाराजवळ कॉलम फूटभर पुढे आलाय, त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये सव्वा फुटाची खाच राहिलीय. तिथे छत्र्या, झाडू आणि नवऱ्याची बॅट. बाथरूमवर माळा आहे, पण त्यावर 300 लिटरची टाकी बसलीय.

एक सुतार येऊन गेला. टेप न काढताच भिंतभर फर्निचरचा आकडा सांगितला, 85 हजार. माझ्याकडे 25 आहेत. काय करू?

चाळकरी: खिडकीला बाहेर काढलेलं, पिंजऱ्यासारखं बॉक्स ग्रील करून घ्या, अर्धं सामान तिकडे जातं. आमच्या मजल्यावर सगळ्यांनी केलंय.

मूळ धागाकर्ती: आमच्याही मजल्यावर सगळ्यांनी केलंय, म्हणूनच नको वाटतं. आग लागून दार अडलं तर बाहेर पडायला खिडकी हीच एक वाट आणि तिथे सगळ्यांचे डबे-बादल्या रचलेल्या. शिवाय पावसात तिथलं सगळं भिजतं.

रंधा: मी फर्निचरच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भिंतभर कपाटं करू नका, खोली गुदमरेल. सगळे पैसे दिवाणात घाला.

तुमचा दिवाण किती उंच आहे? बाजारातले साधारण 14 इंचांचे असतात. तो 20 इंचांचा करून घ्या. 6 बाय 4 च्या दिवाणाला सहा इंच वाढवले की बारा घनफूट जागा नुसत्या उंचीतून मिळते. पण वरून फळी उचलायचा दिवाण करू नका. रोज गादी काढा, फळी उचला, आत वाका, हे आठ दिवस होतं, मग कोणी उघडत नाही. पुढच्या बाजूला दोन खोल खण करा, चाकांवर ओढायचे. रोजच्या गाद्या त्यात घडी करून. मागच्या अर्ध्या भागाला वरून झाकण, तिथे पितळ. वर्षातून दोनदाच लागतं ना? आणि घंगाळ-हंडे रिकामे ठेवू नका, रजया आणि स्वेटर आत कोंबा.

प्लाय बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा) घ्या, आयएस 303 या मानकाचा शिक्का बघून. बाहेरच्या भिंतीला दिवाण टेकवू नका, पावसाळ्यात ओल येते. दोन बोटं जागा सोडा.

आणि कोणी चार इंची विटेच्या भिंतीवर फळ्या ठोकून पितळ वर ठेवायला सांगितलं तर ऐकू नका. जड खाली, हलकं वर. कॉलमला छिद्रही पाडू देऊ नका.

मूळ धागाकर्ती: सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचे गुडघे दुखतात, उंच दिवाणावरून उठायला बरं पडेल म्हणाल्या. घंगाळात स्वेटर हे मात्र त्यांना पटलेलं नाही. बोलणी चालू आहेत.

दोन_सुया: ताई, टेबल शोधताय कशाला, तुमच्या घरात आहे की! शिलाई मशीन खाली पाडून झाकण लावायचं स्टँड असेल तर वरती सपाट फळी मिळते. त्यावर 3 बाय 2 चा प्लायचा तुकडा, खालून दोन पट्ट्या मारून, सरकू नये म्हणून. माझ्या दोन्ही मुलांचा अभ्यास असाच झाला. शिवण दुपारी, अभ्यास संध्याकाळी.

मूळ धागाकर्ती: स्टँड तसंच आहे! आत्ताच बसवून बघितलं. उंची बरोबर आहे, पण पाय पायडलवर आपटतात. ती पाय हलवत वाचते, सगळं घर खडखडतं.

दोन_सुया: मग मोटर बसवून घ्या. पट्टा आणि पायडल दोन्ही काढता येतात, पायाला जागा मोकळी. शिवणही भराभर होतं. फक्त आधी हळू चालवायची सवय करा, सुरुवातीला मशीन हातातून पळतं.

चाळकरी: मखर कशाचं आहे?

मूळ धागाकर्ती: थर्माकोलचं. 2018 ची बंदी यायच्या आधीचं. दरवर्षी नवं आणायला नको म्हणून जपलं.

चाळकरी: आठ-दहा वर्षं कपाटाचं डोकं अडवून बसलंय म्हणजे त्याचं भाडं केव्हाच वसूल झालंय. यंदा कापडी पडदा आणि घडीच्या पट्ट्या करा, बॅटीच्या पिशवीत मावतात. आणि टाकीचं काय? पाणी किती वेळ येतं?

मूळ धागाकर्ती: सकाळी दोन तास. टाकी बसवली तेव्हा एक दिवसाआड यायचं.

रंधा: मग चौघांना 300 लिटर कशाला? 150 ची बसवा. भरल्यावर माळ्यावर दीडशे किलो वजनही कमी. उरलेल्या जागेत कपाटावरच्या सुटकेसा जातील. फक्त टाकीच्या व्हॉल्व्हपाशी हात जाईल एवढी जागा सोडा. आणि माळ्यावर चढायची घडीची शिडी कुठे ठेवणार ते आत्ताच ठरवा. माळा सगळे करतात, शिडी मात्र मग शेजाऱ्यांची. तुमची सव्वा फुटाची खाच तिच्यासाठीच आहे.

मूळ धागाकर्ती: खाच मोजली, साडेचौदा इंच. शिडी बसेल, बॅट बाहेर येईल. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. भांडुप-मुलुंडकडे मशीनला मोटर बसवून देणारं कोणी माहीत असेल तर अंदाजे खर्च सांगा. पूर्वपरीक्षेच्या आत टेबल उभं करायचंय.