फिल्टर लावल्यावर छायाचित्र चित्रासारखे न दिसता चिखल फासल्यासारखे का दिसते?

गॅलरीतला (गिरगाव):
नमस्कार. आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला असून काही महिन्यांत सर्वांना खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. भर पावसात मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचे एक छायाचित्र मोबाइलवर काढले आहे. त्यात निळा लाकडी कठडा, छपराच्या पागोळ्या आणि मध्ये सुपात तांदूळ निवडत बसलेल्या शेजारच्या काकू आहेत. त्यावरून रंगवल्यासारखे दिसणारे ए-थ्री आकाराचे चित्र तयार करून प्रत्येक बिऱ्हाडाला एक प्रत द्यावी, असा विचार आहे.

गिंप या मोफत चित्रसंपादन प्रोग्रॅममधील 'ऑइलिफाय' फिल्टर वापरून पाहिला. पडद्यावर बरे वाटले, परंतु नमुना छापून आणल्यावर काकूंचा चेहरा, भिंतीचे पोपडे आणि पागोळ्या या सर्वांवर सारखाच चिखल दिसला. शिवाय कठड्याचा निळा रंग मरगळला. दुकानदाराने दोष फाइलला दिला, मी त्याच्या यंत्राला. मला चित्रकला येत नाही, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येते. कोणती पद्धत वापरावी?

खरडवही (दादर):
ऑइलिफाय हा फिल्टर ब्रश चालवतच नाही. प्रत्येक पिक्सेलभोवती ठरावीक त्रिज्येचे वर्तुळ घेऊन त्यात जी तेजस्विता सर्वाधिक वेळा आढळते, तिचा रंग तो मध्ये भरतो. त्रिज्या सगळीकडे एकच, त्यामुळे काकूंच्या डोळ्यांना आणि भिंतीच्या पोपड्यांना एकच न्याय. कुवाहारा फिल्टर याहून बरा. पिक्सेलभोवतीच्या चार चौकोनांपैकी ज्यात रंगांचा चढउतार सर्वांत कमी असेल त्याची सरासरी तो उचलतो, म्हणून सपाट भाग गुळगुळीत होतात आणि कडा टिकतात. (१९७६ मध्ये तो मांडला गेला तो हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांसाठी, चित्रकला कोणाच्या मनातही नव्हती.) ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरच्या ४.० आवृत्तीपासून कंपोझिटरमध्ये (प्रतिमांवर प्रक्रिया करणाऱ्या भागात) कुवाहाराचा 'अ‍ॅनिसोट्रॉपिक' प्रकार मिळतो. तो कडांच्या दिशेने लांबट झालेल्या क्षेत्रात सरासरी काढतो, त्यामुळे कठड्याच्या लाकडावर ओघ दिसू लागेल.

परंतु पायथन येत असेल तर खरे फटकारेच मारावेत. १९९० मध्ये पॉल हेबर्ली यांनी दाखवलेली कल्पना साधी आहे: फटकाऱ्याचा रंग छायाचित्रातून उचलायचा आणि दिशा त्या ठिकाणच्या ग्रेडियंटवरून (रंग कोणत्या दिशेने झपाट्याने बदलतो यावरून) ठरवायची, म्हणजे फटकारा कडेला छेदत नाही, तिच्या बाजूने जातो. १९९८ मध्ये एरन हर्ट्झमन यांनी त्यात चित्रकाराची शिस्त आणली. धूसर केलेल्या छायाचित्रावरून आधी सर्वांत जाड ब्रशने कॅनव्हास भरायचा, नंतर चौकटी-चौकटीने कॅनव्हास व छायाचित्र यांतील रंगफरक मोजायचा आणि जिथे तो ठरवलेल्या मर्यादेबाहेर असेल तिथेच निम्म्या जाडीचा ब्रश लावायचा. ८, ४ आणि २ पिक्सेल त्रिज्येच्या तीन ब्रशांपासून सुरुवात करावी. सोबेल फिल्टरने (ग्रेडियंट मोजण्याच्या पद्धतीने) दिशा काढण्यापूर्वी प्रतिमा थोडी धूसर करायला विसरू नये, नाहीतर कॅमेऱ्याचे दाणेच दिशा म्हणून घेतले जातात आणि फटकारे उंदराने कुरतडल्यासारखे दिसतात.

ओला कागद (ठाणे):
पद्धत योग्य असली तरी तिच्यात एक मोठी उणीव आहे. रंगफरक जास्त म्हणजे जागा महत्त्वाची, असे ती गृहीत धरते. या छायाचित्रात सर्वाधिक रंगफरक भिंतीच्या पोपड्यांत आणि पागोळ्यांत असणार, त्यामुळे बारीक ब्रश तिथेच रेंगाळेल आणि सावलीतला काकूंचा चेहरा जाड फटकाऱ्यांत बुडून जाईल. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधील सा. ल. हळदणकर यांचे दिवा धरलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र नीट पाहावे. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून झिरपणारा प्रकाश आणि चेहरा यांवर सगळे कसब लावलेले आहे, मागची जागा मात्र शांत सोडलेली आहे. कुठे थांबायचे, हे संगणकाला आपणच सांगावे लागते.

त्यासाठी क्रिटा या मोफत रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या लेयरवर (थरावर) हाताने एक मास्क, म्हणजे महत्त्वाच्या जागा दाखवणारा नकाशा, रंगवावा: चेहरा, हात आणि सूप पांढरे, कठडा राखाडी, भिंत काळी. प्रोग्रॅममध्ये पांढऱ्या भागासाठी रंगफरकाची मर्यादा कमी आणि काळ्या भागासाठी भरपूर जास्त ठेवावी. याला चित्रकला यावी लागत नाही. काय पाहायचे ते ठाऊक असले की पुरे, आणि ते तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

गॅलरीतला:
मास्कमुळे खरोखर फरक पडला, दोघांचेही आभार. आता एकच अडचण आहे. काकूंच्या पिवळ्या लुगड्याची कड जिथे निळ्या कठड्याला भिडते तिथे क्रिटाच्या रंग ओढणाऱ्या ब्रशने दोन्ही मिसळले, तर हिरवट छटा न येता राखाडी मळ येतो. छपाईचा प्रश्नही तसाच आहे.

चार शाई (परळ):
छपाईच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती हे सांगणाऱ्या ० ते २५५ अशा तीन आकड्यांत मांडतात. पिवळा म्हणजे २५५, २५५, ० आणि निळा म्हणजे ०, ०, २५५. यांची सरासरी तिन्ही आकड्यांत साधारण १२८ येते, म्हणजे शुद्ध राखाडी. खरे रंगद्रव्य प्रकाश शोषते आणि विखुरतेही, म्हणून डबीतले रंग हिरवे होतात. त्याचे गणित कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्येच मांडले होते. २०२१ मध्ये आलेली 'मिक्सबॉक्स' ही पद्धत त्याच पायावर उभी असून 'रेबेल ५ प्रो' या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ती वापरलेली आहे. एका कडेसाठी नवे सॉफ्टवेअर घेण्यापेक्षा तिथे हिरवट रंग हातानेच लावावा.

आता आकार. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए-थ्री म्हणजे ३५०८ × ४९६१ पिक्सेल. ८ पिक्सेल त्रिज्येचा फटकारा कागदावर जेमतेम १.४ मिलिमीटर रुंद उमटेल आणि हातभर अंतरावरून तो ब्रश न वाटता दाणा वाटेल. अर्धा इंची चपटा ब्रश या मापात १५० पिक्सेलचा होतो. म्हणून आधी प्रतिमा अंतिम मापात आणावी आणि त्रिज्या ६४, ३२, १६, ८ अशा घ्याव्यात.

निळ्याबाबत फाइल आणि यंत्र दोघेही निर्दोष आहेत. पडद्यावरचे काही गडद, चमकदार निळे छपाईच्या शाईच्या आवाक्यातच नसतात. दुकानदाराकडून त्याच्या यंत्राची व कागदाची आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) मागून घ्यावी आणि क्रिटामध्ये सॉफ्ट प्रूफिंग (छापील रंग पडद्यावरच दाखवणारी सोय) चालू ठेवूनच कठड्याचा रंग ठरवावा. सगळ्या प्रती काढण्यापूर्वी चेहरा आणि कठडा दोन्ही येतील अशी वीतभर पट्टी त्याच कागदावर छापून घ्यावी आणि ती ट्यूबलाइटखाली न पाहता दिवसाउजेडी पाहावी.