एआय संशोधनाचे पहिले वर्ष: वाचत राहावे की काही करून पाहावे?

पहिल्या_सत्रातला:
नमस्कार. मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असून मराठी बातम्यांच्या वर्गीकरणावर काम करायचे, एवढे ढोबळमानाने ठरले आहे. गेले चार महिने रोज एक-दोन पेपर वाचतो, परंतु मनात आलेली प्रत्येक कल्पना कोणीतरी आधीच करून ठेवलेली सापडते. गाईड म्हणतात, "आधी सगळे पाहून घ्या, मग ठरवू." विभागात एकच जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारे वेगवान गणनेचे कार्ड) आहे आणि त्यासाठी नंबर लावावा लागतो. हा टप्पा पार केलेल्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

प्रबंध_लिहितेय:
माझेही पहिले वर्ष असेच गेले आणि त्यातून मला एका चुकीने बाहेर काढले. गूगलने २०१८ मध्ये बर्ट या भाषा समजणाऱ्या मॉडेलच्या बहुभाषिक आवृत्त्या खुल्या केल्या, त्यांतले 'अनकेस्ड', म्हणजे कॅपिटल-स्मॉल अक्षरे एकच मानणारे मॉडेल मी घेतले; तो भेद राखणारे ते 'केस्ड'. मराठीत कॅपिटल-स्मॉल हा भेदच नाही, तेव्हा कोणतेही चालेल, असा माझा तर्क होता. निकाल वाईट आले. दोन महिने मी लर्निंग रेट (मॉडेल किती मोठ्या पावलांनी शिकते तो आकडा) बदलत बसले आणि दर आठवड्याला गाईडना नवे तक्ते दाखवत राहिले. शेवटी कंटाळून टोकनायझरमधून, म्हणजे मजकुराचे मॉडेलसाठी तुकडे करणाऱ्या भागातून, बाहेर पडणारे शब्द नुसते छापून पाहिले, तर 'मूल', 'मुले', 'मेल' आणि 'मैल' या चौघांचेही 'मल' झालेले! युरोपीय भाषांतल्या अक्षरांवरची चिन्हे काढण्याचा नियम तिथे आमच्या उकारांना, मात्रांना, अनुस्वाराला आणि पाय मोडण्याच्या खुणेलाही लागू होत होता. काना आणि वेलांटी युनिकोडच्या (संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण यादीच्या) वेगळ्या गटात असल्यामुळे तेवढ्या वाचल्या होत्या. त्याऐवजी 'केस्ड' वापरा, असे गूगलने माहितीच्या पानावर लिहूनही ठेवले होते. पेपर मी पाठ केले होते, ते पान मात्र वाचले नव्हते.

तेव्हा वाचन थांबवू नका, पण एखादाच पेपर निवडून त्याचा कोड चालवा, तोच आकडा येतो का ते पाहा आणि आपल्या डेटातल्या दोनशे ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. माझ्या प्रबंधाचा प्रश्न त्या 'मल'मधूनच निघाला.

लॅपटॉपवाला:
जीपीयूची फार चिंता करू नये. २०१२ मध्ये चित्रे ओळखणारे मॉडेल अ‍ॅलेक्सनेट प्रत्येकी ३ जीबीच्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकवले गेले होते.

जुना_खेळाडू:
हा दाखला मला पटत नाही, कारण आज तीच शर्यत धावायची तर दोन कार्डांनी काहीच होणार नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या ताकदीवर अवलंबून नाही, असा प्रश्न निवडणे अधिक शहाणपणाचे. शिवाय मोठ्या मॉडेलआधी टीएफ-आयडीएफ (शब्द किती वेळा येतो त्यावरून त्याला वजन देणारी पद्धत) आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (त्या वजनांवरून विभाग ठरवणारी साधी पद्धत) चालवून पाहा; 'षटकार' आणि 'फलंदाज' हे शब्द दिसले की बातमी क्रीडा विभागातली, हे ओळखायला जीपीयू लागत नाही. मोठे मॉडेल त्याहून किती पुढे जाते, हे निरनिराळे सीड (यादृच्छिक निवडी ज्यापासून सुरू होतात तो आकडा) घेऊन मोजल्याशिवाय कोणताही आकडा गाईडपुढे ठेवू नये. आणखी एक गोष्ट म्हणजे, एजन्सीची एकच बातमी अनेक वृत्तपत्रांत छापून येते. तिची एक प्रत ट्रेनिंगमध्ये (शिकवण्याच्या डेटात) आणि दुसरी टेस्टमध्ये (तपासण्याच्या डेटात) गेली, तर तुमचा आकडा उगाचच चांगला दिसेल.

पहिल्या_सत्रातला:
सर्वांचे आभार. काल रात्री दोनशे ओळी वाचल्या. एकच बातमी दोनदा आलेली असूनही माझ्या प्रोग्रामने ती पकडली नव्हती. कारण शोधले तेव्हा कळले की, 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा 'र' एका ठिकाणी 'ऱ' वापरून टाइप केलेला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकलेले आहे. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, संगणक मात्र ते वेगळे मोजतो. आता संपूर्ण डेटात असे शब्द किती आहेत ते मोजायला बसलो आहे. त्यासाठी जीपीयूच्या रांगेत उभे राहावे लागले नाही.