उजनीत गेलेल्या गावाचा जुना नकाशा कुठं शोधायचा?

भीमाकाठची

आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या अगदी काठावरचं. उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. माझा जन्म नव्या गावठाणातला, म्हणजे चौकोनी प्लॉट आणि सरळ रस्ते. आजी मात्र बोलताना अजून जुन्या गावातूनच चालते. वेशीतून आत शिरलं की उजव्या हाताला चावडी, पुढं कुंभारवाडा, घाटाकडं उतरताना परटाचं घर. तिचं बोलणं मी रेकॉर्ड करून ठेवतेय. अडचण अशी की ती आणि चुलत आजी एकत्र बसल्या की महादेवाचं देऊळ ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं, यावरच तासभर जातो.

पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ दिसतं, तसं आमच्याकडं काही वर येत नाही, नुसता गाळ. एका कचेरीत विचारलं तर "पाण्यातल्या गावाचा नकाशा कशाला हवाय, केस आहे का?" म्हणाले. केस नाही. मला फक्त धरणाआधीचं गाव कागदावर मांडायचंय, जमलं तर घरांसकट. कुठल्या नकाशाचं नाव घेऊन विचारू?

टोपोवेडा

भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी, मैलाला एक इंच प्रमाणाची पत्रकं बघा. भिगवणच्या आसपास गाव असेल तर पत्रक क्रमांक ४७ जे/१५, पळसदेवच्या बाजूला ४७ जे/१६, इंदापूर शहराच्या पूर्वेला ४७ एन/४. आजच्या ओपन सिरीज (त्याच विभागाच्या, सर्वांसाठी खुल्या) नकाशांत पाणीच दिसेल, तेव्हा आवृत्तीचं आणि पाहणीचं साल बघितल्याशिवाय खूश होऊ नका. विद्यापीठांच्या भूगोल विभागांत अशी पत्रकं कपाटात पडून असतात. टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले नकाशे फुकट आहेत, पण ते १:२,५०,००० प्रमाणाचे. गावाची जागा कळेल, गल्ली नाही.

खरी गंमत कोरोनात आहे. आजार नव्हे, अमेरिकेचे हेरगिरी उपग्रह! १९६० ते १९७२ मधली त्यांची छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. म्हणजे तुमच्या नदीत धरणाचं पाणी चढण्याआधीची. यूएसजीएस म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अर्थएक्स्प्लोरर या संकेतस्थळावर जाऊन तुमच्या भागावर चौकोन काढा आणि 'डीक्लासिफाइड' (गुप्ततेतून खुल्या केलेल्या) गटात शोधा. स्कॅन झालेली फ्रेम फुकट मिळते, नसेल तर पैसे भरून स्कॅन करून घेता येते. शेवटच्या वर्षांतल्या कॅमेऱ्यांची चित्रं इतकी स्पष्ट आहेत की मोठा वाडा, देवळाचं आवार, बैलगाडीची वाट ओळखू येते. ओढ्याचा वाद तिथंच मिटेल.

निवृत्त भूकरमापक

ताई, मोजणी खात्यात उभी नोकरी गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

मुंबई इलाख्याची नवी जमीन-पाहणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केली ती तुमच्याच इंदापुरातून, १८३६ च्या सुमारास. पण एक गोष्ट आधी लक्षात घ्या, नाहीतर नकाशा हातात पडल्यावर हिरमोड होईल. गाव नकाशा हा काळीचा, म्हणजे शेतजमिनीचा नकाशा आहे, पांढरीचा, म्हणजे वस्तीचा नाही. शिव, सर्व्हे नंबर, ओढे, वाटा, विहिरी हे सगळं त्यात असतं, आणि मधे एक रिकामी जागा, आत एकच शब्द: गावठाण. जिथून शेतसारा यायचा नाही तिथं मोजणीची साखळी कोण ओढणार? त्यामुळं आजीचा कुंभारवाडा या नकाशात सापडणार नाही. तरी हा नकाशा आधी मिळवा, कारण बाकी सगळं त्याच्यावरच बसवायचंय.

उपअधीक्षक भूमी अभिलेख, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी टीआयएलआर (तालुका इन्स्पेक्टर ऑफ लँड रेकॉर्ड्स), तिथं नकलेचा अर्ज करा. नुसतं "जुना नकाशा" लिहू नका, त्यावर काहीही मिळतं किंवा काहीच मिळत नाही. "एकत्रीकरणापूर्वीचा सर्व्हे नंबरचा गाव नकाशा" असं लिहा. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि कोणी नकाशा मागितला की हात आपोआप गटाच्या नकाशाकडं जातो. सोबत गावठाणालगतच्या नंबरांची टिपणं मागा. टिपण हे प्रमाणात काढलेलं नसतं, हातानं काढलेली आकृती आणि त्यावर मापं, पण मापं चोख. ती साखळी आणि आण्यांत असतात: साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा, की झालं.

वाटांकडं नीट बघा. एक तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग. गाडीमार्ग गावठाणाला जिथं भिडतो तिथं बहुधा वेस. पायमार्ग नदीकडं जिथं उतरतो तिथं घाट. आजीचं बोलणं या दोन ठिकाणांपासून बसवायला घ्या. आणि दोघी आजींना वेगवेगळं बसवून विचारा हो, एकत्र नको!

आता घरं. ज्या कागदावर सरकारनं घरासाठी पैसे मोजले किंवा घेतले, तिथं घर सापडतं. धरणासाठी संपादन झालं ते १८९४ च्या कायद्याखाली. त्याचा निवाडा निघतो, आणि गावठाणातल्या घरांच्या मूल्यांकनाची यादी त्या प्रकरणात असते: घर नंबर, मालक, क्षेत्र, बांधकाम. हे दप्तर जिल्हाधिकारी कचेरीच्या भूसंपादन नाहीतर पुनर्वसन शाखेत. दुसरा कागद ग्रामपंचायतीचा, नमुना नंबर ८, घरपट्टीच्या आकारणीचं रजिस्टर. धरणाआधीचं रजिस्टर नव्या ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल तर तुमचं नशीब. घर नंबर लावणारा माणूस गल्लीनं चालत चालत नंबर लावतो, म्हणून बारा, तेरा, चौदा ही घरं शेजारी असायची शक्यता दांडगी. मालकांची नावं आजीला क्रमानं वाचून दाखवा, गल्ली ती सांगेल.

"केस आहे का" विचारतील तर रागावू नका. तिथं येणारे शंभरातले नव्याण्णव बांधाच्या भांडणासाठीच येतात.

भीमाकाठची

काका, किती आभार मानू! एकच शंका. आमचे सर्व्हे नंबर घरात कोणालाच आठवत नाहीत, सात-बारा आता नव्या ठिकाणच्या पर्यायी जमिनीचा आहे. मग टिपण मागताना नंबर काय टाकू?

निवृत्त भूकरमापक

नंबर आधी लागतच नाही. गाव नकाशा हातात आला की गावठाणाला लागून असलेले नंबर त्यावरच वाचा आणि मग टिपणाचा दुसरा अर्ज करा. घराण्याचीच जमीन शोधायची असेल तर संपादनाच्या वेळच्या जुन्या फेरफारात नंबर मिळेल. शेतांची नावंही आजीकडून लिहून घ्या. 'पांढरीचं शेत' असं काही निघालं तर तिथं त्याहून जुनी वस्ती असू शकते. 'हाडोळा' म्हणाली तर ती महार वतनाची जमीन.

मोडी वाचणारा

इंग्रजांच्या काळाच्याही मागं जायचं असेल तर पुण्याचं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवेकाळच्या कागदांचा संग्रह. मोजून काढलेला नकाशा मिळेल ही आशा धरू नका, त्या काळात गाव शब्दांत मांडत. शिवेचा तंटा झाला असेल तर महजर (पंचांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद) सापडू शकतो, त्यात पूर्वेस अमका ओढा, दक्षिणेस तमका दगड अशी चतुःसीमा असते. ती गाव नकाशावर ठेवून वाचली की कित्येकदा तेच ओढे निघतात. मोडी येत नसेल तर छायाप्रत टाका, मी बघतो.

गोदाकाठ

मधेच घुसतो, माफ करा. आमचं गाव मराठवाड्यात, जायकवाडीत गेलं. हेच सगळं आम्हालाही लागू का?

निवृत्त भूकरमापक

निवाडा आणि नमुना ८ लागू. मोजणीचं दप्तर मात्र निजामाच्या राज्यातलं, त्याची पद्धत निराळी. तुमच्याकडं १९५४-५५ च्या सुमाराचं खासरा पत्रक (जमिनीच्या मालकी-वहिवाटीची नोंद) असतं, सुरुवात तिथून करा. उर्दूतले कागद निघाले तर वाचणारा शोधावा लागेल. यावर वेगळा धागा काढा, छत्रपती संभाजीनगरकडचे खात्यातले एक-दोघं इथं असतात, ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.