वरचा थर हलका असूनही खाली का घुसतो?

चौकसभाऊ:
मंडळी, एक शंका. पुतणीच्या सायन्स प्रोजेक्टसाठी उंच काचेच्या ग्लासात खाली थंड पाणी घेतलं आणि वर अलगद गरम पाणी सोडलं, त्यात थोडं मीठ आणि निळा खायचा रंग. गरम असल्यामुळे वर मस्त तरंगलं, पण थोड्या वेळाने सीमेवरून निळ्या बारीक शेवया सरळ खाली उतरायला लागल्या! मीठ न घालता केलं तर असलं काही होत नाही. हलकं वर, जड खाली, सगळं जागच्या जागी, शिवाय डिफ्यूजन म्हणजे फरक मिटवणं असं आपण शिकलोय, मग त्यानेच थर मोडतोय की काय?

खारावारा:
हो, त्यानेच. याला सॉल्ट फिंगर, म्हणजे मिठाची बोटं म्हणतात. मेख अशी की इथे दोन गोष्टी पसरतायत आणि त्यांचे वेग जुळत नाहीत, पाण्यात उष्णता मिठापेक्षा साधारण 100 पट भरभर पसरते. 1 मिलिमीटर अंतर धरलं तर उष्णतेला ढोबळमानाने 7 सेकंद, मिठाला 11 मिनिटं. आता सीमेवरचं थोडंसं गरम खारं पाणी चुकून खाली सरकलं असं समजा, आजूबाजूच्या थंड पाण्याला ते आपली उष्णता पटकन देऊन टाकतं पण मीठ तसंच अंगात राहतं, म्हणजे आता ते थंड + खारं = शेजाऱ्यांपेक्षा जड, मग काय, सुटलंच खाली. वर सरकलेल्या गोड्या पाण्याचं बरोबर उलटं, ते गरम होतं आणि हलकं होऊन वर जातं.

आकडे बघा. 60 अंशाचं पाणी लिटरला 983 ग्रॅम, 25 अंशाचं 997. त्या गरम पाण्यात लिटरला 10 ग्रॅम मीठ टाकलं तर वजन 990 च्या आसपास, म्हणजे अजून हलकंच. पण तेच खारं पाणी 25 अंशाला आलं की 1004, खालच्यापेक्षा जड. ही जी जड व्हायची ताकद आहे ती उष्णतेने झाकून ठेवलेली असते, डिफ्यूजन फक्त झाकण काढतं.

दर्यावर्दी_७:
याचा इतिहास भारी आहे. 1956 मध्ये स्टॉमेल, एरन्स आणि ब्लँचर्ड या शास्त्रज्ञांनी कल्पना मांडली की समुद्रात लांब पाइप उभा सोडला, वरचं पाणी गरम आणि खारं असेल, आणि पाइपातून खालचं गोडसर पाणी एकदा वर ओढलं, की कारंजं आपोआप चालू राहील, कारण पाइपाच्या भिंतीतून उष्णता जाते, मीठ जात नाही. मग 1960 मध्ये मेल्विन स्टर्नच्या लक्षात आलं की पाइप लागतोच कशाला, पाणी स्वतःच उष्णता सोडतं आणि मीठ धरून ठेवतं!

आपल्याकडे अरबी समुद्रात बाष्पीभवनाने वरचं पाणी गरम आणि खारं, म्हणजे या प्रकाराला पोषक. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर पसरलेलं, तिथे वरच्या थरात हा खेळ जमत नाही.

चौकसभाऊ:
जबरी! मग उलटं केलं तर? खाली गरम खारं, वर थंड गोडं?

खारावारा:
तेव्हा फिंगर नाही, पायऱ्या. उष्णता सीमेतून वर येते पण मीठ मागेच राहतं, त्यामुळे सीमा टिकते आणि दोन्ही बाजूचे थर आपापल्या आत ढवळले जातात. आर्क्टिकमध्ये वर थंड गोडसर आणि खाली अटलांटिकचं कोमट खारं पाणी असतं, तिथे तापमानाचा आलेख अक्षरशः जिन्यासारखा निघतो, एकेक पायरी मीटर-दोन मीटरची. भुजला कच्छ डेअरीसाठी 6000 चौरस मीटरचा सोलर पाँड (उन्हाची उष्णता साठवणारं खाऱ्या पाण्याचं तळं) केला होता त्याचा पायाही हाच, तळाला गरम दाट खारं पाणी आणि त्यावर वर जाताना मीठ कमी कमी होत जाणारा थर, मिठाचा हा फरक पुरेसा मोठा ठेवला की पाणी ढवळत नाही आणि तळाची उष्णता अडकून राहते. फक्त मीठ हळूहळू वर झिरपतंच, त्यामुळे तळाला मीठ आणि वर गोडं पाणी घालत राहावं लागतं.

दर्यावर्दी_७:
पुतणीसाठी एक सोपा उपाय, गरम पाण्याचा खेळ लवकर संपतो, ग्लास गार झाला की संपलं. त्यापेक्षा खाली मीठ लिटरला 40 ग्रॅम, वर साखर 50 ग्रॅम आणि रंग, दोन्ही खोलीच्या तापमानाला. साखर मिठापेक्षा साधारण तीन पट सावकाश पसरते, म्हणजे इथे मीठ उष्णतेचं काम करतं आणि साखर मिठाचं. वरचं पाणी तरंगत्या कागदाच्या चकतीवर थेंब थेंब सोडा, नाहीतर सीमा आधीच ढवळली जाते. शेवया तासन्तास टिकतात, निवांत फोटो काढा.